शेगडी बिघडली, असं म्हणण्याआधी

(मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि "मॅडम, हे लिहून द्या" असं ज्यांनी म्हटलं त्यांच्यासाठी.)



आज बचत, परतफेड, दप्तर यावर मी काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या गॅसच्या शेगडीवर. रोज सकाळ-संध्याकाळ आपण तिच्यापुढं उभ्या असतो, पण ती कुरकुर करायला लागली की काय करायचं, हे आपल्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं.

विषय कसा निघाला ते आधी सांगते. काही महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीत एका ताईनं अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, नवीन शेगडी घेणे. रक्कम तीन हजार. "जुनी पार गेली, जाळच धरत नाही," असं ती म्हणाली. बैठक तिच्याच ओट्यावर चालू होती, म्हणून आम्ही चार-पाच जणी आत जाऊन बघायला गेलो. बर्नर काढून उलटा केला, तर आतून ज्वारीचं पीठ पडलं. वर्षभर भाकरी थापताना सांडलेलं पीठ, त्यावर उतू गेलेला चहा, सगळं वाळून दगड झालेलं. गरम पाणी, साबण आणि गोधडी शिवायची सुई, एवढ्यावर काम झालं. जाळ निळा झाला. त्या ताईनं अर्ज स्वतःच्या हातानं फाडला.

दुसरी गोष्ट सांगायला मला थोडं जड जातं, पण ती सांगितली नाही तर आजच्या बोलण्याला अर्थ नाही.

एका सदस्याच्या घरी मी सही घ्यायला गेले होते. दिवस मावळला होता. ताई पोराला तापात दवाखान्यात घेऊन गेलेली, नुकतीच परत आली होती. तिची सासू बाहेर पडवीत बसलेली. दुपारपासून घर बंद होतं. दार उघडून आम्ही आत गेलो आणि वास आला. आत अंधार होता, म्हणून माझा हात सवयीनं बटणाकडं गेला. आजीनं माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, "पोरी, हात लावू नको." आम्ही तशाच मागं फिरलो. आजीनं दार सताड उघडलं, ताईनं अंधारात चाचपडत रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं, आणि आम्ही सगळ्या अंगणात जाऊन थांबलो.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा माणूस आला. टाकीच्या तोंडातला रबरी वायसर फाटला होता. त्यानं तो बदलला. पाच मिनिटांचं काम होतं.

नंतर ताई माझ्याशी एकटीच बोलली. वास बारा दिवसांपासून येत होता आणि तिला ते माहीत होतं. स्वयंपाक झाला की ती रेग्युलेटर बंद करायची, त्यामुळं भागत होतं. त्या दिवशी पोराच्या तापात तेवढं राहिलं. मी विचारलं, "कुणाला बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "घरात सांगितलं की म्हणतात, तुलाच नीट बंद करता येत नाही. आणि टाकी परत नेली तर दुसरी येईपर्यंत चुलीवर कोण करणार? मीच ना."

तायांनो, हे उत्तर मला फार ओळखीचं वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. म्हणून आज शेगडीचं बोलताना दोन्ही बोलूया. बिघाड कसा ओळखायचा, आणि तो वेळेवर सांगायचा कसा.

समाजकार्याच्या कॉलेजात मला शेगडी कुणी शिकवली नव्हती. मी बटणाकडं हात नेला होता, हे आत्ताच सांगितलं. पुढचं सगळं मी विचारून, मेकॅनिकशेजारी उभी राहून शिकले आहे.

आधी गॅस समजून घेऊ

आपल्या टाकीत जो गॅस असतो तो दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. प्रोपेन आणि ब्युटेन अशा दोन वायूंचं ते मिश्रण. टाकी हलवली की आत डुचमळतं ते म्हणूनच. मुळात या गॅसला वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र वासाचा पदार्थ घालतात. मर्कॅप्टन म्हणतात त्याला. म्हणजे वास येणं ही सूचना आहे. ती आपल्यासाठीच घातलेली आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत, मोरीत, कोपऱ्यात साचून राहतो. म्हणून वरची खिडकी उघडी असून पुरत नाही. दार उघडायला हवं, म्हणजे खालून हवा खेळेल.

तिसरी गोष्ट. गॅस नीट जळायला त्यात हवा मिसळावी लागते. शेगडीच्या खाली बर्नरकडं जाणारी जी नळी असते, तिथं ही हवा आत ओढली जाते. हवा पुरेशी मिळाली की जाळ निळा. कमी पडली की पिवळा. शेगडीचे निम्मे आजार या एका वाक्यातून कळतात.

जाळ पिवळा, भांडी काळी

हा सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड. पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, घासून हात दुखतात आणि गॅसही जास्त जातो. कारण बहुतेक वेळा बर्नरमध्ये असतं. भाकरीचं पीठ, उतू गेलेलं दूध, वरणाचं पाणी यांनी भोकं बुजतात.

काय करायचं ते क्रमानं सांगते. रेग्युलेटर बंद करा. बर्नर पूर्ण गार होऊ द्या. वरची चकती आणि बर्नर काढा. गरम पाण्यात साबण टाकून अर्धा तास भिजू द्या, लिंबाची सालं टाकलीत तरी चालेल. मग जुन्या ब्रशनं घासा आणि प्रत्येक भोक सुईनं मोकळं करा. जाड तार किंवा खिळा घालू नका, भोक मोठं झालं तर जाळ कायमचा बिघडतो. शेवटी बर्नर उन्हात पूर्ण वाळवा. ओला बसवला तर तडतडतो.

बसवताना चकती बरोबर खाचेत बसली का ते बघा. नुसती तिरकी बसली तरी जाळ एका बाजूला पिवळा होतो. पुष्कळदा दुरुस्ती एवढीच असते.

बर्नर स्वच्छ करूनही जाळ पिवळाच राहिला, तर हवेच्या नळीत काहीतरी अडकलंय असं समजा. एक बर्नर महिनोन्महिने वापरला नसेल तर नळीत कोळी जाळं करतो, झुरळ शिरतं. हे काम मेकॅनिककडं द्या.

आणि एक. मिठाचं पाणी किंवा धूळ पडली की जाळात नारिंगी ठिणग्या उडतात आणि थोड्या वेळानं थांबतात. त्यानं घाबरू नका. कायम पिवळी राहणारी ज्योत वेगळी.

पिवळ्या जाळाकडं लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून थंडीत खोली गरम व्हावी म्हणून दारं लावून गॅस पेटवून ठेवू नका. कोळशाची शेगडी तर खोलीत ठेवून झोपूच नका. बाळंतिणीच्या खोलीत अजूनही काही घरी ठेवतात, त्या मावश्यांना हे मुद्दाम सांगा. बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी पाहिजे.

जाळ बारीक

आधी बघा, एकच बर्नर बारीक आहे की दोन्ही.

एकच असेल तर दोष त्या बर्नरचा. वर सांगितलं तशी सफाई करा. तरी फरक नसेल तर त्याचा जेट बुजला असेल. जेट म्हणजे आतला पितळी तुकडा, त्याला केसाएवढं भोक असतं. त्यात आपण सुई घालायची नाही. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो.

दोन्ही बारीक असतील तर दोष मागं आहे. पाइप कुठं मुरगळलाय का, शेगडीच्या पायाखाली दबलाय का, रेग्युलेटर टक्क आवाज होऊन नीट बसलाय का, हे बघा. हे सगळं ठीक असेल तर टाकी संपत आली असेल. थंडीच्या दिवसांत पहाटे जाळ कमी येतो, कारण गारठ्यात आतल्या पातळ गॅसची वाफ कमी होते. अशा वेळी टाकीवर उकळतं पाणी ओतणं, ती चुलीजवळ नेणं, आडवी करणं, हलवणं, यातलं काहीही करू नका. टाकी आडवी केली की पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये येतो आणि जाळ अचानक भडकतो. उरलेल्या चार भाकऱ्यांसाठी एवढा धोका नको.

ज्यांच्याकडं गोबरगॅस होता किंवा आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. गोबरगॅसची शेगडी टाकीच्या गॅसला जोडू नका. तिच्या जेटचं भोक मोठं असतं. टाकीचा गॅस त्यातून धो-धो येतो.

जाळ उडतो, किंवा आत "फट" होतं

जाळ बर्नर सोडून वर उडत असेल आणि फुर्रर्र आवाज येत असेल, तर हवा जास्त मिसळतेय किंवा गॅसचा दाब जास्त आहे. दोन्ही बर्नरला असं होत असेल तर रेग्युलेटर संशयाचा. बंद करा आणि एजन्सीला बोलवा. रेग्युलेटर आपण खोलायचा नाही आणि बाजारातून दुसरा आणायचा नाही. तो एजन्सीकडूनच बदलून घ्यायचा.

कधी बर्नरऐवजी खाली नळीतच जाळ लागतो, "फट" आवाज होतो आणि बटण तापतं. लगेच बटण बंद करा. गार होऊ द्या. चकती नीट बसवा, मग पेटवा. परत तसंच झालं तर मेकॅनिक.

दूध उतू जाऊन जाळ विझतो, हे तर रोजचं. आपल्या साध्या शेगडीत जाळ विझला म्हणून गॅस आपोआप बंद होत नाही, तो येतच राहतो. म्हणून दुधाकडं धावण्याआधी बटणाकडं हात जाऊ द्या. दूध गेलं तर गेलं. बटण बंद, दोन-चार मिनिटं थांबा, वास गेला की पुन्हा पेटवा. पेटवताना लायटर आधी बर्नरजवळ धरा, मग बटण फिरवा. दोन-तीन वेळा दाबून नाही पेटलं तर बटण बंद करून थांबा. गॅस सोडून काडेपेटी शोधत बसू नका.

बटण घट्ट

बटण फिरवायला जोर लागत असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. पकडीनं फिरवू नका, खोबरेल तेल सोडू नका. मेकॅनिक खोलून ग्रीस घालतो. घट्ट बटण बंद झाल्यासारखं वाटतं आणि थोडं उघडं राहतं, म्हणून हे काम लांबवू नका.

टाकी लवकर संपते

हे गाऱ्हाणं मला प्रत्येक गटात ऐकू येतं. आधी वजन करा. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. समजा १५.३ लिहिलंय, तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. टाकी देणाऱ्याकडं वजनकाटा असायला हवा. आपण मागितलं तर त्यानं वजन करून दाखवायला हवं. "मावशी, वेळ नाही" म्हणाला तरी शांतपणे थांबवा. पैसे आपण पूर्ण वजनाचे देतो.

वजन बरोबर असूनही लवकर संपत असेल, तर गळती तपासा. ते पुढं सांगते. गळतीही नसेल तर जाळ बघा. पिवळा जाळ जास्त गॅस खातो. भांड्याच्या बाहेर येणारा जाळ म्हणजे भिंत तापवणं. डाळ भिजवून घ्या, झाकण ठेवा.

वास आला तर

हे तोंडपाठ पाहिजे. मुलांनाही शिकवा, कारण पुष्कळदा घरात तीच असतात.

एक. काही पेटवू नका. दिव्याचं बटण, पंखा, मिक्सर, काहीही चालू करू नका आणि चालू असेल ते बंदही करू नका. बटण दाबताना आत ठिणगी पडते, दोन्ही वेळी. मोबाइलही आत वापरू नका.

दोन. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा.

तीन. शेजारी चूल पेटली असेल, देवापुढं दिवा, उदबत्ती किंवा डासांची कॉइल असेल आणि वास तिथवर पोचला नसेल, तर ती विझवा. वास तिथं भरला असेल तर त्या खोलीत जाऊ नका.

चार. दारं-खिडक्या उघडा. मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांना बाहेर काढा.

पाच. बाहेर, लांब गेल्यावर फोन करा. १९०६ हा गॅसगळतीच्या तातडीचा नंबर आहे. चोवीस तास चालतो. एजन्सीचा नंबर पुस्तकावर असतो.

रेग्युलेटर बंद करूनही टाकीतून वास येत असेल आणि तुम्हाला जमत असेल, तर रेग्युलेटर काढून दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी टाकीच्या तोंडावर दाबून बसवा. ही टोपी बऱ्याच घरांत पहिल्याच दिवशी तोडून टाकतात किंवा पोरं खेळायला घेतात. तिचं काम असं अडचणीच्या वेळी असतं. ती टाकीलाच राहू द्या.

एवढं सांगूनही कुणी भाजलंच, तर जखमेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. चिकटलेला कपडा ओढू नका. १०८ ला फोन करा. स्वयंपाक करताना पदर खोचलेला आणि साडी शक्यतो सुती असावी.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

गळती शोधायला काडी पेटवून बघणाऱ्या घरी मी गेले आहे. कृपा करून तसं कधीच करू नका. वाटीत थोडं साबणाचं पाणी करा, फेस येईल असं. शेगडीची बटणं बंद ठेवा, रेग्युलेटर चालू करा आणि ब्रशनं ते पाणी तीन ठिकाणी लावा. रेग्युलेटर टाकीला बसतो तिथं, पाइपच्या दोन्ही टोकांना, आणि पाइपच्या अंगावर. बुडबुडे फुगत राहिले तर तिथं गळती आहे. रेग्युलेटर बंद करून फोन करा. खोलीत आधीच वास असेल तर ही परीक्षा घेत बसू नका, वर सांगितलेल्या पाच गोष्टी करा.

नवीन टाकी आली की सील शाबूत आहे का बघा. टोपी काढून आत काळा रबरी वायसर आहे का आणि तो अखंड आहे का, तेही बघा. देणाऱ्यालाच तपासून द्यायला सांगा. टाकीच्या वरच्या कड्याखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर आतून अक्षर आणि साल लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. म्हणजे डी २७ असेल तर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत ती टाकी चालेल, नंतर तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा.

पाइपचं वेगळं सांगते, कारण तिथं आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो. पाइप आयएसआय मार्कचा, आत तारेची जाळी असलेला, नारिंगी रंगाचा सुरक्षा पाइप असावा. दीड मीटरपेक्षा लांब नको. मधे जोड नको. पाच वर्षं झाली की तो बदलायचा, आणि त्याआधी चीर दिसली, उंदरानं कुरतडला किंवा कडक झाला तर लगेच. पाइपवर कापडी खोळ घालू नका, चीर दिसत नाही. टाकी नेहमी उभी, जमिनीवर, उघड्या हवेत. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर. शेगडी जमिनीवर ठेवून बसून स्वयंपाक करणाऱ्या मावश्यांनो, एक फळी किंवा दगडी कट्टा करून घ्या. मला माहीत आहे, भाकरी बसूनच चांगली थापता येते. थापा बसून, भाजा उभ्यानं.

आता सांगायचं कसं

त्या ताईकडं परत येऊ. तिच्याकडं वायसर बदलायचे पैसे होते. एजन्सी तालुक्याला, फोन घरात होता. अडलं ते तोंड उघडायला.

आपल्यातल्या बऱ्याच जणींचं कनेक्शन उज्ज्वला योजनेतलं आहे. ही योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली, आणि तिच्यात कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर दिलं जातं. पुस्तक काढून बघा, त्यावर तुमचं नाव आहे. म्हणजे ग्राहक तुम्ही आहात. तक्रार करायला घरच्या कुणाची परवानगी लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. फोनवर मराठीत एवढंच सांगायचं: माझं नाव अमुक, ग्राहक नंबर तमुक, गाव हे, आणि टाकीपाशी वास येतोय.

गॅस कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी अपघात विमा घेतलेला असतो. त्याचा हप्ता आपण भरत नाही. दुर्घटना झाली तर एजन्सीला लगेच लेखी कळवायचं. कनेक्शनची कागदं, पाइपची पावती जपून ठेवायची. ही माहिती वापरायची वेळ कुणावर येऊ नये, पण माहीत मात्र प्रत्येकीला असावी.

आणि घरात "तुलाच नीट बंद करता येत नाही" असं कुणी म्हणालं, तर साबणाच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात द्या. बुडबुडे सगळ्यांना सारखेच दिसतात.

गट म्हणून आपण तीन कामं करू शकतो. या सभेत ती ठरावात घेतली आहेत, म्हणून इथं लिहिते.

पहिलं, प्रत्येक गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा पाच मिनिटं शेगडीसाठी. सचिव विचारेल, कुणाला वास येतोय का, कुणाचा पाइप जुना झालाय का. उत्तर इतिवृत्तात लिहायचं. एकदा लिहिलं की ते एकटीचं राहत नाही.

दुसरं, प्रत्येक ग्रामसंघानं एक लटकता वजनकाटा घ्यायचा. दोन-तीन वाड्यांना मिळून एक पुरतो.

तिसरं, चार-पाच घरची दुरुस्ती साठली की एजन्सीच्या मेकॅनिकला एकाच दिवशी गावात बोलवायचं. एकटीनं बोलावलं की तो येतो-येतो म्हणतो. दहा घरं आहेत म्हटलं की येतो. पाइपसाठी कुणाकडं पैसे नसतील तर गटातून छोटी उचल द्यावी.

त्या ताईला विचारूनच मी ही गोष्ट तुमच्यापुढं ठेवली. नाव सांगू नका म्हणाली, पण सांगा म्हणाली. मागच्या महिन्यात तिच्या जावेच्या घरी वास आला, तेव्हा तिनं तिला हाताला धरून अंगणात आणलं आणि स्वतःच्या फोनवरून १९०६ लावला. घरातले पुरुष शेतातून यायच्या आत. गटाच्या बैठकीत तिनं ते उभं राहून सांगितलं आणि सचिवानं इतिवृत्तात लिहून घेतलं.

आज घरी गेल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक करताना दोन मिनिटं जाळाकडं बघा. रंग कोणता आहे ते बघा. शेगडी बंद केल्यावर पाइपवरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवा. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद करा, रोज. आणि पुढच्या बैठकीला येताना तुमच्या पाइपवर कोणतं साल छापलंय ते बघून या. मी प्रत्येकीला विचारणार आहे.